समजूत काढणारा

— नाही नाही, उठू नका आजी, बसा हो, खुर्ची तुमचीच आहे. मालक आत काचेच्या खोलीत फोनवर आहेत, जेवणाची सुट्टी आहे, तुमच्याशिवाय दुकानात चिटपाखरू नाही — आणि तुमचं कानाचं मशीन म्हणाल तर, पुढच्या सोमवारी. हे बघा, मान अशी जराशी तिरकी, एक हात छातीवर, दुसऱ्या हाताचं बोट असं गोल फिरवलं — पुढच्या सोमवारी. कळलं ना? कळतंच. सगळ्यांना कळतं. गंमत बघा, दुकान कानाच्या मशीनचं, येणाऱ्या माणसाला ऐकू येत नाही, आणि काउंटरवर बसवलंय कोणाला, तर ज्याचा आवाज गोड त्याला! बायकोला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरधरून हसली होती. तेव्हा हसली होती. आता नाही हसत.

अशा एकटक काय बघताय, दातात काही अडकलंय का माझ्या? नाही? मग बघा, बघा. बाकीची माणसं इथे बसून घड्याळाकडे बघतात, तुम्ही निदान माणसाकडे बघता. आणि खरं सांगू, तुम्हाला ऐकू येत नाही ते एका अर्थी बरंच — म्हणजे बरं कसलं, वाईटच की — पण माझ्यापुरतं बरं. मला कोणाशी तरी बोलायचंय आणि ते कोणी ऐकायला नकोय. आता असं गिऱ्हाईक मला दुसऱ्या कुठल्या दुकानात मिळणार, सांगा?

मी मुळातला या काउंटरचा नव्हे, आजी. मी त्या मागच्या टेबलावरचा, ते बघा, दिवा लटकतोय ना, तिथला. मी आणि भिंग. भिंग म्हणजे माझा जोडीदार, चोवीस तास डोळ्याला भिंग, जेवताना डबासुद्धा भिंगातूनच बघायचा, म्हणून भिंग. दुरुस्ती खरी त्याची. माझे हात थरथरतात, मी जोडायला घेतलेली तार हमखास जळायची, आणि मग गिऱ्हाईक चिडलं की भिंग म्हणायचा, जा, तू जा बाहेर, तुझं ते चालू कर. माझं ते म्हणजे समजूत काढणं. लहानपणापासूनचं आहे हो हे. घरात कोणी रुसलं की मला पुढे करायचे. आत्या माहेरी आली आणि आईशी बोलेना, पाठवा याला. थोरला भाऊ पोरीच्या मागे लागून जेवण टाकून बसला, पाठवा याला. मी जाऊन नुसता बसायचो, मान तिरकी करायचो, आणि पाच मिनिटांत माणूस हुंदका देऊन मोकळा. मला वाटायचं, सगळ्यांनाच येत असेल हे.

मग मालकांनी त्या शिबिरवाल्या बाईंना आणलं. 'आपलं बलस्थान ओळखा.' दुकान अर्धा दिवस बंद, आम्ही सगळे गोल करून बसलेलो, शाळेतल्या पोरांसारखे. बाई म्हणाल्या, जे येत नाही ते सुधारत बसू नका, जे येतं ते वाढवा, कामाचं सोनं होईल. वाईट नव्हत्या हो बाई. माझी पाळी आली तर मी म्हटलं, माझ्यात काय असणार, आणि भिंगच ओरडला — समजूत! हा समजूत काढतो! — आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं लोकांच्या तारा जाळल्या, आणि आज कोणीतरी म्हणतंय की याच्यात काहीतरी आहे. दुसऱ्याच दिवशी मालकांनी मला इथे बसवलं. फक्त म्हणाले, मिशी काढ, चेहरा मोकळा दिसू दे. वडिलांच्या वळणाची मिशी, पण काढली. बलस्थानासाठी काय, मिशीसुद्धा.

आणि चाललं की! दणक्यात चाललं. पहिल्या दिवशी मी इतकं गोड बोललो, इतकं गोड बोललो, आणि समोरचे गृहस्थ म्हणाले, काय? मोठ्यानं बोला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, इथे आवाजाचं काही काम नाही. पण तरी ते शांत होऊन गेले. म्हणजे समजूत आवाजात नव्हतीच, आजी, मानेत होती! भांडायला आलेली माणसं मला नमस्कार करून जायला लागली. मालक खूश. इतके खूश, की हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं — मशीन दुरुस्त झालं तरी माणूस शांत होऊन जातो, आणि नाही झालं तरी शांत होऊनच जातो. मग पार्ट मागवायचे कशाला? मागच्या टेबलावर दिवा जाळायचा कशाला? ते असं बोलले नाहीत हां. बोलले काहीच नाहीत. एक दिवस मला आत बोलावलं आणि म्हणाले, भिंगला आता यायची गरज नाही, तूच सांग त्याला, तुझं बलस्थान आहे ते.

मी नाही म्हणायला हवं होतं, असं वाटतंय ना तुम्हाला? मलाही वाटतं. रोज वाटतं. पण मी नाही म्हटलं असतं तर उद्या मलाच 'येऊ नको' सांगायला कोणाला पाठवलं असतं? त्याला चहाला घेऊन गेलो, बसलो, मान तिरकी केली, आणि आजी, त्याने माझा हात हातात घेतला. म्हणाला, बरं झालं तू सांगितलंस, दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर सहन झालं नसतं. भिंग खिशात घातलं आणि गेला. मुलाकडे गेला म्हणे, दूर कुठेतरी. पत्ता मी विचारलाच नाही. समजूत काढलेल्या माणसाला पुन्हा भेटायची हिंमत होत नाही, समजूत उतरलेली असली तर?

आणि आता तर ती मान माझ्या ताब्यातच राहिलेली नाही. मध्यंतरी बायकोचा भाऊ गेला, धाकटा, तिने अंगाखांद्यावर खेळवलेला. ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडत होती. मला खरंच भरून आलं होतं हो, मेहुणा माझाही लाडका होता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला — आणि मान आपोआप तिरकी झाली. तिने बघितलं. माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, मी गिऱ्हाईक नाही. एवढंच. त्या दिवसापासून घरात मीठ दे, दार लाव, यापलीकडे बोलणं नाही. जगाची समजूत काढतो मी, आणि घरात तोंड उघडायची चोरी.

तुमचं मशीन कुठे आहे सांगू? सांगतोच, कोणाला कळतंय. इथे आहे, या खणात. माझ्या गुडघ्याला लागतो रोज. भिंगने शेवटच्या दिवशी उघडून बघितलं होतं, एक बारीक तार सुटलीय, उद्या जोडतो म्हणाला. तो उद्या काही आला नाही. माझ्याच्याने ती जोडवत नाही, आणि या कंपनीच्या मशीनला दुसरीकडे कोणी हात लावत नाही. म्हणजे पुढचा सोमवार नाही, आजी. तो नाहीच आहे. मी नुसतं बोट फिरवतो. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा केवढ्यानं ओरडून सांगितलं होतंत, बहीण रोज फोन करते, ती आजारी असते, काय म्हणते ते कळत नाही, मी आपली हो हो म्हणते आणि ठेवते. ते माझ्या डोक्यातून जात नाही. ती तिकडे काय विचारत असेल आणि तुम्ही कशाला हो म्हणत असाल, देव जाणे.

काय? कुठे बोट दाखवताय? हा — हा खण? या खणाचं काय?

थांबा. थांबा जरा. खणात आहे हे तुम्हाला कोणी... आजी, तुम्हाला ऐकू येतं? नाही? मग? — ओठ? तुम्ही ओठ वाचता? केव्हापासून? हळू, हळू बोला हो, मालक आत आहेत. कान गेल्यापासूनच? म्हणजे पहिल्या सोमवारपासून? — मिशी नाही ना मला. बरोबर. मिशी नाही. सगळं स्वच्छ दिसलं असणार. भिंगचं, बायकोचं — सगळंच?

मग येता कशाला, आजी? ओठ वाचता येतात तर मशीनवाचून तुमचं अडलंय कुठे, सगळ्या जगाशी बोलू शकता की तुम्ही —

हो. फोनला ओठ नसतात. खरंय.

आजी, ऐका. ऐका म्हणजे बघा. हे घ्या तुमचं मशीन, धरा. बंदच आहे, पण तुमचं आहे. मला वाटतं — नाही, मला काय वाटतं त्याला काय करायचंय. मालक बघतायत काचेतून. मी काय करू, सांगा तुम्हीच. तुम्ही जरा असं... हे बघा, माझं ऐका, बहीण तुमचा आवाज ऐकते ना? तेवढ्यानेच तिला किती बरं वाटत असेल, आपली माणसं आवाजावरूनच ओळखतात सगळं, तुम्ही मुळीच मनाला लावून —

आजी? डोळे का मिटलेत? बरं नाही वाटत का? पाणी देऊ? आजी, उघडा डोळे. मान... हो, झाली तिरकी, माझ्या लक्षात आलं, ही सरळ केली बघा. सरळ आहे आता. अहो, इकडे बघा ना. तुम्ही डोळे मिटले तर मी तुमच्याशी बोलू कसा?

आजी, एकदा बघा तरी.