बाईंचं खोपटं

(मिनेसोटातलं एक गोठलेलं तळं, मार्चमधली दुपार. बर्फावर उभं केलेलं, मासे धरायला बसायचं लाकडी खोपटं. आत व्हर्लिन आणि कोरिन, दोघं एकेकाळी शाळेत एकाच वर्गातली.)

व्हर्लिन : दार लाव आधी. ऊब पळतेय सगळी.

कोरिन : विषय बदलू नकोस. उद्या चर्चमध्ये बाईंच्या अंत्यविधीला स्तोत्र कोण वाचणार, ते बोल.

व्हर्लिन : ठरलंय की. टॉर्विक बाईंनीच पाद्रीबाबांना सांगून ठेवलं होतं. व्हर्लिन वाचेल.

कोरिन : शेवटच्या आजारात माणूस काहीही बोलतं रे.

व्हर्लिन : बाई आणि काहीही? अगं, मरेपर्यंत नर्सचं इंग्रजी सुधारत होत्या त्या!

कोरिन : हसू नकोस. नववीत एक उतारा वाचायला तुला अख्खा तास लागला होता. पोरं खिदळत होती.

व्हर्लिन : तू नव्हतीस खिदळत. तू माझी पुढची ओळ आधीच वाचून टाकायचीस. ते जास्त लागायचं.

कोरिन : उद्या सगळं गाव येणार. तुझी फजिती मला बघवणार नाही. आणि बाईंना शेवटचा निरोप असा अडखळत द्यायचा? मी वाचते ना. शाळेत रोज तेच करते मी.

व्हर्लिन : बस त्या उलट्या बादलीवर. पाय जपून, मध्ये भोक आहे.

कोरिन : हे खोपटं अजून इथे कसं? काठाच्या बर्फाला पाणी सुटलंय.

व्हर्लिन : ओढून न्यायलाच आलोय. बर्फ आता फार दिवस तग धरायचा नाही. म्हटलं, शेवटचं एकदा बसावं. दर शनिवारी इथेच असायचो आम्ही. बाई तिथे, आम्ही पोरं इथे. भोकात गळ सोडायचा आणि आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचं.

कोरिन : इथे? शिकवणी?

व्हर्लिन : नापासांची. नियम एकच. वाचणाऱ्याकडे कुणी बघायचं नाही, सगळ्यांनी भोकाकडे बघायचं. मी अडलो की बाई म्हणायच्या, “सावकाश. मासा कुठे आलाय अजून!”

कोरिन : मला कुणी सांगितलंच नाही कधी.

व्हर्लिन : तू पहिली यायचीस. तुला कोण बोलावणार इथे कुडकुडायला?

कोरिन : कळलं असतं तर मुद्दाम नापास झाले असते.

व्हर्लिन : तू? झेपलं नसतं तुला.

कोरिन : चार वर्षं पहिल्या बाकावर बसले रे. वाटायचं, आपणच लाडक्या. त्यांच्यासारखं व्हायचं म्हणून शिक्षिका झाले. आणि जाताना त्यांनी माझं नावसुद्धा घेतलं नाही. तुझ्या फजितीचं निमित्त आहे, व्हर्लिन. खरं तर हे खुपतंय.

व्हर्लिन : ठाऊक आहे.

कोरिन : मग मघाशीच तसं म्हणाला का नाहीस?

व्हर्लिन : तुझं तुला बोलू दिलं. अडलेल्या माणसाचा शब्द आपण बोलायचा नाही, हेही बाईंचंच.

कोरिन : मी नेमकं तेच करायला आले होते.

व्हर्लिन : आता माझंही ऐक. रोज रस्त्यावरचा बर्फ उपसायची गाडी चालवतो मी. वादळात भीती वाटली नाही कधी. पण उद्याची वाटते. तिथे भोक नसणार, कोरिन. सगळे डोळे माझ्यावर. हा घे स्तोत्राचा कागद. तूच वाच. बाई रागावल्या तर माझ्यावर रागावतील.

कोरिन : ठेव तो तुझ्याकडे.

व्हर्लिन : अगं, त्यासाठीच तर आली होतीस ना?

कोरिन : हो. पण वाचणार तूच. तुझ्याआधी मी उठेन आणि सगळ्यांना मान खाली घालायला सांगेन. चर्चमध्ये त्याला कोण नाही म्हणणार?

व्हर्लिन : आणि कुणी विचारलं, का म्हणून?

कोरिन : सांगेन, टॉर्विक बाईंचा नियम आहे.

व्हर्लिन : तरी मी अडलो तर?

कोरिन : तर थांबू. तो कागद उघड आणि वाच एकदा.

व्हर्लिन : आत्ता? तुझ्यासमोर?

कोरिन : मी कुठे बघतेय तुझ्याकडे? मी भोकाकडे बघतेय.