वाकडा टाका

– नाही येत ना शिवता? साधं बटणसुद्धा नाही? मग बसा, बसा साहेब, तुमच्यासारखाच माणूस शोधतोय मी सकाळपासून. तळ्याला तीन फेऱ्या झाल्या माझ्या, दिसेल त्याला विचारलं – शिवता येतं का? एक बाई म्हणाल्या, येतं की, मी शिवणाचा क्लास घेते. म्हटलं, मग तुमचा उपयोग नाही. बिचाऱ्या घाबरून पुढे गेल्या. तुम्ही घाबरू नका, वेडा नाहीये मी. म्हणजे आमची ही म्हणते वेडा, पण चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोची साक्ष कोण धरतं? मी शिंपी. होतो. दुकान बंद करून दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले चाला, म्हणून येतो इथे. चालतो कसला – लोकांच्या पाठी बघतो. तो निळ्या शर्टातला पळतोय ना, त्याचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. त्याचा नव्हे, शर्टाचा. त्याला काही नाही त्याचं, मला मात्र तो खांदा घरापर्यंत पुरतो, आंघोळ करतानाही डोळ्यांसमोर. जित्याची खोड, दुसरं काय.

हा कोट बघा. हात लावून बघा, लाजू नका. आहे एक टाका इकडचा तिकडे? हा माझ्या लेकीनं शिवला. म्हणजे – तिनं शिवला, मग मी हातानं परत शिवला. थांबा, सरळ सांगतो. दुकान बंद केलं तेव्हा मशीन तिला, तिच्या घरी देऊन टाकलं होतं. तर त्याच मशीनवर, ऑफिस सांभाळून, तीन महिने मला पत्ता लागू न देता – कोट! म्हणाली, बाबा, जन्मभर दुसऱ्यांचे शिवलेत, तुमच्या अंगावर कधी बघितला नाही. खरंच होतं ते. घातला. डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. आणि त्याच पाण्यातून मला दिसलं – उजवी बाही जरा पुढे चढलीय. बोललो नाही. दोन दिवस घालून हिंडलो इथेच. तिसऱ्या दिवशी म्हटलं, बाहीच तेवढी बघू. बाही काढली तर खांदा दिसला, खांदा उघडला तर कॉलर – दुपारपर्यंत टेबलावर सगळा कोट सुटा, आणि दारात ती. रोज ऑफिसला जाताना आईकडून डबा न्यायची, त्या दिवशी विसरली होती, तो न्यायला आलेली. मी म्हटलं, अगं, नीट करतोय फक्त. तिनं डबा उचलला, म्हणाली, "बरं, बाबा." भांडली असती तर किती बरं झालं असतं हो. आईला फोन करते, मला नाही. घरात पाऊल नाही तिचं. वर्ष झालं.

एक खिसा तेवढा राहिला होता, आतला, छातीवरचा. तो तिनं हातानं शिवलेला, आणि त्या "बरं, बाबा"नंतर त्याला उसवायला माझा हात धजेना. काय ते टाके – एक लांब, एक तोकडा, एक भलतीकडेच. वर्षभर आत हात घालून चालायचो मी, बोटांनी तेच टाके चाचपत. रोज वाटायचं, काढावेत. रोज नाही काढले. आणि काल फोन आला, मला. म्हणाली, उद्या नऊला चहाला येते. मग विचारलं – बाबा, माझा आतला खिसा तरी आहे ना? म्हटलं, आहे की. तेव्हा तो होता, साहेब.

आज उठलो ते नुसती इस्त्री करायला. पण गिऱ्हाईक यायच्या आधी कपडा एकदा उजेडात धरायची सवय – धरला. पुढचं आठवत नाही म्हणालो तर खोटं होईल, सगळं आठवतंय. पहिला टाका कापताना मनाशी स्पष्ट म्हटलं, अरे, नको. आणि हात चालूच. दहा मिनिटांत असा देखणा खिसा बसवला – आणि मग घड्याळ बघितलं. म्हटलं, ठीक आहे, उसवू आणि परत वाकडा शिवू. त्यात काय! चार वेळा शिवला. चारही वेळा सरळ. डाव्या हातानं शिवला, तरी सरळ, वेळ तेवढा जास्त लागला. डोळे मिटून शिवला. वाकडा टाका पडेचना हो माझ्या हातून. चाळीस वर्षं ह्याच हातानं पोट भरलं, आता तो माझंच ऐकत नाही.

म्हणून ही सुई. दोरा ओवून आणलाय, खिसाही उसवूनच आणलाय, टाचण्या लावल्यात. वीसेक टाके घाला, जसे येतील तसे. तिला कळेल? कळेलच म्हणा, शिंप्याची लेक आहे. पण निदान उघडून बघितल्यावर तिला सरळ रेघ दिसायला नको. एवढंच. घ्या ना.

हां, तिथून. वा – काय भिकार टाका घातलात. अगदी तस्साच. दुसरा लांब गेला, जाऊ द्या, तिचेही जायचे. मी तळ्याकडे बघतो, तुम्ही घाला. बोलत नाही मी. – झाला तिसरा? नाही, बघत नाहीये. फक्त सुई जरा आडवी धरा. अशी नव्हे, आडवी. म्हणजे – राहू द्या, वाकडंच हवंय आपल्याला. छान चाललंय. हा चौथा मात्र सूतभर वर घ्या. सूतभरच. का म्हणजे? दिसतं ते. मला दिसतं, साहेब. द्या इकडे, एकच दाखवतो, एकच टाका, मग तुमचं तुम्ही –

साडेआठ झाले का?

निघा तुम्ही, साहेब. तुमची फेरी राहिलीय. खिसा झाला शिवून.