पंख पिळतोय

नीलेश माझ्याशी आठवडाभर का बोलत नव्हता, ते सांगते. तलासरीच्या विज्ञान प्रदर्शनाला आम्हा दोघांचं ड्रोन जायचं होतं. ते हेलिकॉप्टरसारखं सरळ वर उठून मग विमानासारखं पुढे जाणार होतं. पण जमीन सोडली की ते स्वतःभोवती गरगर फिरायचं. सर म्हणाले, "शुक्रवारपर्यंत सरळ उठलं नाही, तर आपण पाण्याचं फिल्टर नेऊ."

"सेटिंग बदलतोय सर, होईल," नीलेश लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला.

"पंख पिळतोय," मी दोनदा म्हणाले. कोणालाच ऐकू गेलं नाही. शेवटी मी ड्रोन उचललं आणि सरांसमोर त्याचा पंख ओल्या टॉवेलसारखा पिळला.

"अगं, मोडशील!"

"मोडत नाही सर, पिळतोय. मग त्याच्यावरच्या मोटरी तिरक्या होतात आणि ड्रोन फिरतं."

"मी टेप लावलीय की!" नीलेश म्हणाला.

"लांबीला लावलीयस. त्याने वाकणं थांबतं, पिळणं नाही."

आमच्या चिकूवाडीचं फाटक पप्पांनी तिरकी पट्टी ठोकल्यावरच हलायचं थांबलं होतं. मीही आत दोरे असलेली चिवट टेप पंखावर तिरकी लावली, वरून आणि खालून, फुलीसारखी.

शुक्रवारी ड्रोन सरळ वर गेलं आणि हवेत स्थिर उभं राहिलं.

"बघितलंत सर?" नीलेश ओरडला. "शेवटी माझंच सेटिंग कामाला आलं!"

"तुझं सेटिंग मी सकाळीच काढून टाकलं," मी म्हणाले. "हे जुन्यावरच उडतंय."