अर्थिंगची पिन

मले गाणं लावायची भीती वाटते म्हटलं तर तुमी हसाल, पण ऐका.

मेडशी गावातल्या माह्या घरी मी जुना अ‍ॅम्प्लिफायर कॉम्प्युटरले जोडला. चालू केला की गाण्याच्या मागं सारखी घुंई. माहा मित्र गजानन म्हणे, "अर्थिंगमुळे होते ते. प्लगची मोठी पिन काढून टाक." मी काढली. घुंई गायब. मी लय खूश.

आठ दिवसांनी सकाळी माही बायको सुनीता धूळ पुसून राह्यली होती. तिनं अ‍ॅम्प्लिफायरले जोडलेली कॉम्प्युटरची वायर काढली अन् अ‍ॅम्प्लिफायर उचलायले हात लावला. हात चिकटलाच. तोंडातून शब्द निघेना, नुसती माह्याकडं पाहून राह्यली. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तवा ती खाली बसली. मी तिले पाणी पाजलं अन् वायरमनले फोन लावला.

वायरमन बाबाराव आले. अ‍ॅम्प्लिफायरचा डबा खोलून त्यायनं आतली घासलेली वायर दाखवली. म्हणे, "पिन असती तर करंट जमिनीत गेला असता. इतके दिवस तो कॉम्प्युटरच्या वायरीतून जात होता, ती निघाली. तुमी त्याले बायकोतून वाट दिली."

"मंग घुंई कायले येत होती?"

"दोन मशिनी दोन भिंतींच्या बोर्डावर होत्या म्हणून. एकाच बोर्डावर लावा, अर्थिंग ठेवून."

वायर बदलली, तसंच लावलं. आता आवाज एकदम साफ हाय. पण गाणं लावायचं म्हटलं की सुनीता दारातच थांबते अन् म्हणते, "पहिले तुमी हात लावा."

मी लावतो. पण हाताची उलटी बाजू, करंट असला तरी बोटं आवळून चिकटू नये म्हणून.