उंच गाडी

धाड गावातल्या टायरच्या दुकानात स्कूटीचं पंक्चर निघेस्तोवर मुबीनाला बसायला बाकडं मिळालं, आणि ऐकायला वामनराव-रुखमाबाईंचा संसार फुकटात. दारात त्यांची जुनी पिकअप उभी होती, कमानीत जादा पाटे घालून आधीच वीतभर उचललेली.

"हैदरभाऊ, आता मोठे टायर टाक. नाल्यात इंजिनात पाणी जाते," वामनराव दुकानदाराला म्हणाले.

"गाडी नाला पार करीन हो. मी गाडीत कशी चढू?"

"आता चढतेच ना तू?"

"चढत नाही. तुम्ही मागून ढकलता. सारा बाजार पाहते."

"मंग घरी राह्य. भाजी मी इकतो."

"तुम्ही? मागच्या बाजारी गिऱ्हाइकालेच सांगत होते, मेथी शिळी आहे, नका घेऊ."

"शिळीच होती."

"म्हणून मले यावंच लागते."

हैदरनं पान्हा उचलला. "काका, टाकू का नको?"

वामनरावांनी बायकोकडं पाहिलं, मग गाडीकडं.

"टाक. जुन्यातला एक टायर मागं ठेवजो."

"स्टेपनीले?"

"नाही बे. हिले पायरी."

रुखमाबाई गुडघा चोळत राहिली. "दोन ठेव, भाऊ. पुढच्या साली हे गाडी अजून उचलतीन."