तिळगुळातली चिठ्ठी

मला देशद्रोही म्हणायच्या आधी एवढं ऐका. सीमेवर फौजा समोरासमोर उभ्या होत्या, त्या वर्षीची संक्रांत. चेन्नईतल्या आमच्या मराठी मंडळाने जवानांना तिळगूळ पाठवायचं ठरवलं आणि प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी. अंबत्तूरच्या कारखान्यातून सुटून मी थेट वड्या थापायला बसलो. माझ्या चिठ्ठीत लिहिलं, ‘युद्ध होऊ नये. सुखरूप घरी या.’

आमचे सेक्रेटरी मोहनराव, मूळचे तंजावरचे, चिठ्ठ्या तपासत होते. माझी वाचली आणि त्यांनी चष्माच काढला.

“अय्यो सार, हे काय? जवानांचं मनोधैर्य खचेल!”

“मोहनराव, त्यांच्यासाठीच तर तासभर वड्या थापतोय.”

“वड्या जातील. चिठ्ठी नाही.”

“म्हणजे मला माझं मत मांडायची मुभा नाही?”

“आहे की! इथे बोला ना, कोण अडवतंय? डब्यात नको.”

मग त्यांनी स्वतःच्या हाताने नवी चिठ्ठी लिहिली, ‘शत्रूला धडा शिकवा’, आणि खाली माझं नाव घातलं.

महिन्याभराने एका जवानाचं उत्तर आलं. मोहनरावांनी ते सभेत खणखणीत आवाजात वाचलं. “तिळगूळ पोचला. सगळ्यांनी वाटून खाल्ला. आईची आठवण आली.” टाळ्या झाल्या आणि पत्र फळ्यावर लागलं.

मी जवळ जाऊन पाहिलं, तर कागदाची खालची कड दुमडून टाचणी मारलेली. मी ती काढली. खाली एकच ओळ होती.

‘चिठ्ठ्या सगळ्या वाचल्या. सुखरूप घरी या, असं एकानेही लिहिलं नाही.’