पोपटी रंगाखालचे नट

पोलीस ठाणे, बिलोली

जबाब

नाव : केरबा नागोराव पांचाळ, वय : ५३ वर्षे, शिक्षण : सातवी, धंदा : सॉ मिलच्या मशीनींची दुरुस्ती, राहणार : गंजगोलाईच्या मागे, लातूर.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो ते असे की, मी वरील पत्त्यावर पत्नी शिवकांता हिच्यासह राहतो. सॉ मिलमध्ये लाकूड कापणारा जो दात्यांचा लांब पट्टा दोन चाकांवरून फिरतो, त्या पट्ट्याला धार लावायची मशीन बनवणे, बसवणे व जुळवणे हे माझे काम आहे. ते मला कोणी शिकवलेले नाही. उदगीरला एक जुनी मशीन भंगारात निघाली होती, ती खोलून आणि पुन्हा जोडून मी शिकलो. आज लातूर आणि नांदेड दोन्ही जिल्ह्यांत माझ्या मशीनी चालू आहेत. त्यातली एकही परत आलेली नाही. हे वाक्य माझ्या सांगण्यावरून घेतले आहे.

बिलोली येथील संगप्पा यांच्या सॉ मिलमधील धारेची मशीन मीच बनवलेली आहे. तिच्यावर पहिल्यापासून दस्तगीर काम करतो. तो माझा नातेवाईक नाही. आमची ओळख मशीनीपुरती आहे. मी आलो की त्याच्या घरून शकिलाभाभी चहा पाठवतात, एवढेच.

दसऱ्यानंतर सदर मिलमध्ये चालू कामात पट्टा तुटून वरच्या पत्र्यावर आदळला. कोणाला लागले नाही. त्यावरून संगप्पा यांनी ठाण्यात अर्ज दिला की, दस्तगीर दसऱ्याच्या तोंडावर मुलीकडे देगलूरला गेला, त्या रजेवरून आमची बोलाचाली झाली होती, आणि राग धरून त्याने जाताना मशीनीचे नट फिरवले. जाताना तो सर्व गड्यांसमोर म्हणाला होता, "मी येईपर्यंत मशीनीला हात लावू नका. लावला तर पट्टा तुटंल." हे तो बोलला, याबद्दल कोणाचा वाद नाही.

पाहणीसाठी मला बोलावणे आल्यावरून मी एसटीने आलो. हत्यारांची पेटी मांडीवर होती. गाडीत मी विचार केला तो असा की, नट फिरलेले निघाले तर दस्तगीर दोषी, नाही निघाले तर माझी मशीन दोषी. तिसरे काही मला सुचले नाही.

मिलवर संगप्पा, त्यांच्या पत्नी दानम्मा व ठाण्यातील हवालदार साहेब हजर होते. दस्तगीर फाटकाबाहेर हात मागे बांधून उभा होता. मी त्याला आत ये म्हणालो.

तो म्हणाला, "न्हाई मिस्त्री. माझा हात लागला म्हणूनच तर झालं म्हणायलेत. आता तुमीच बघा."

संगप्पा मोठ्याने म्हणाले, "हाव, तितंच थांब. घरच्यावानी ठेवला होता म्या."

मी प्रथम तुटलेला पट्टा पाहिला. दात्यांच्या बुडाशी, खाचेत, निळे डाग होते. लोखंड फाजील घासून तापले की निळे पडते आणि ठिसूळ होते, मग तिथे बारीक भेग जाते. मशीनीत साणेचे, म्हणजे धार लावणाऱ्या फिरत्या दगडाचे, डोके दोन उभ्या सळ्यांवर खालीवर सरकते. एक दाता घासला की डोके वर उठते, मग बोटासारखी एक पट्टी पुढचा दाता ढकलून आणते. डोके उठायला उशीर झाला तर साण खाचेतच राहते आणि दाता भाजतो. मी तसे सांगितले.

"मग उशीर कशानं हुतो? नट फिरवल्यावरच ना?" संगप्पा म्हणाले.

मी म्हणालो, होऊ शकतो. खरे तेच सांगितले. त्या वेळी मी फाटकाकडे पाहिले नाही.

त्यानंतर मशीन पाहिली. ती मी राखाडी रंगाची करून दिली होती, ती पोपटी झाली होती. कपाळाला असावेत तसे वर विभूतीचे पट्टे होते आणि झेंडूची वाळलेली माळ होती. रंग कोणी दिला असे विचारता संगप्पा खूश होऊन म्हणाले, "म्या. सोताच्या हातानं. खंडेनवमीला हत्यारं पुजायची तर चांगली नको दिसायला? नव्या नवरीवानी दिसायली का न्हाई?"

येथे माझी एक पद्धत सांगणे जरूर आहे. जुळवणी पुरी झाली की मी प्रत्येक नटावर आणि त्याला लागून असलेल्या अंगावर मिळून छिन्नीने एक सरळ रेघ मारतो. नट केसभर फिरला तरी रेघ तुटते. लोक हसतात. हसोत. मी भिंगाने पाहिले. डोक्याची उठबस ठरवणाऱ्या चारही नटांवर रंगाची साय अखंड होती, म्हणजे रंग दिल्यावर पाना लागलेला नव्हता. मग रॉकेलच्या फडक्याने रंग काढला. चारही रेघा सरळ होत्या, म्हणजे रंगाच्या आधीही लागलेला नव्हता. हवालदार साहेबांना भिंग देऊन दाखवल्या. संगप्पांनी स्वतः पाहिल्या आणि भिंग पुसून परत दिले.

तेव्हा दोषी राहिली माझी मशीन. दानम्माअक्कांनी मला पाणी दिले.

मी जुना पट्टा चढवून मशीन चालू करायला सांगितली. चार दाते घासून होतात न होतात तोच फाटकाकडून ओरडणे आले, "बंद करा! बंद करा! डोकं अडकून उठायलंय!" दस्तगीर धावत आत आला व त्याने स्वतः बटण दाबले. आत यायचे नाही हे तो विसरला होता. त्याने वाकून सळ्यांवरून बोट फिरवले आणि बोट संगप्पांपुढे धरले. बोट पोपटी, तेलकट होते.

"आप्पा, सळ्या बी रंगवल्या?"

"मग? अर्धं काम म्या करत न्हाई."

सळ्या आरशासारख्या चकचकीत, उघड्या ठेवायच्या असतात. रंगाच्या थराने डोके चिकटत होते. विचारल्यावर संगप्पांनी सांगितले की, पूजेनंतर डोके हलेना, म्हणून तेल ओतून हातोडीच्या दांड्याने ठोकले व ते चालल्यावर स्वतःच पट्ट्याला धार लावली. तोच पट्टा तुटला.

दानम्माअक्का म्हणाल्या, "त्यो रंगाचा डबा घराच्या दाराला आणला होता म्या. दारासाठी तीन दिवाळ्या झाल्या बोलायले, तिकडं हात वळंना. मशीनीची मातर नवरी केली."

मी व दस्तगीरने मिळून सळ्या खरवडल्या, रॉकेलने पुसल्या, पातळ तेल दिले. एकही नट फिरवला नाही. शिल्लक पट्टा चढवून धार लावली. ठिणगी बारीक आणि एकसारखी पडली. त्या पट्ट्याने बाभळीचा ओंडका चिरला. फळीवरून हात फिरवला तेव्हा रंधा मारायची गरज वाटली नाही. माझी मशीन जशी होती तशी आहे.

संगप्पा दस्तगीरला म्हणाले, "पर पट्टा तुटंल असं कामून म्हणला तू?"

दस्तगीर म्हणाला, "तुमाला वळखतो म्हणून."

यावर सर्व हसले. हवालदार साहेबही हसले. ते लिहिण्याचे कारण नाही असे त्यांचे म्हणणे पडले, परंतु घडले ते सर्व यावे असा मी आग्रह धरला.

संगप्पांनी विचारले, मग पूजा बंद करायची का? दस्तगीर म्हणाला, "पूजा करा की आप्पा. हळदकुंकू पुसलं की निघतंय. विभूती निघतीय. रंग तेवढा मी आल्यावर." असे म्हणून त्याने सुटलेली माळ पुन्हा मशीनीच्या माथ्यावर, सळ्यांपासून लांब, बांधली.

संगप्पा अर्ज मागे घेणार आहेत, असे त्यांनी माझ्यासमोर सांगितले. मी निघालो तेव्हा दस्तगीर मशीनीवर होता, शकिलाभाभींकडून चहा आला होता, तो संगप्पांनीही घेतला. नंतर ते उरलेला डबा घेऊन घराच्या दाराला बसले. बिजागऱ्या सोडून रंगवा, असे मी त्यांना सांगितले आहे.

माझे कोणाविरुद्ध काही म्हणणे नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. 'साण' च्या जागी 'करवत' लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून दुरुस्त केले. आता तो मी सांगितल्याबरहुकूम आहे, म्हणून सही करतो.

सही : केरबा नागोराव पांचाळ